जिनिव्हात ठरावासाठी मतं मिळवायची तर: पहिल्यांदा जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की मला दोन-चार फोन येतातच. "ताई, आम्हाला जिनिव्हाचं बोलावणं आलंय. ठरावावर मतदान आहे म्हणे. तिथे जाऊन आम्ही नेमकं करायचं काय?" फोन करणाऱ्या मंडळींनी वर्षानुवर्षं जीव ओतून काम केलेलं असतं, कुणी बेपत्ता माणसांच्या घरच्यांसोबत, कुणी खाणीसाठी उठवलेल्या गावांसोबत. आपल्या विषयाची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत एखाद्या देशाचं मत कुठून हलतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिली दोन अधिवेशनं माझी नुसत्या धावपळीत गेली. तुमची तशी जाऊ नयेत म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सभागृहात कुणाचं मत बदलत नाही. मतदानाच्या दिवशी खुर्चीत बसलेला अधिकारी फक्त बटण दाबतो. कोणतं बटण, ते त्याच्या राजधानीतून आलेलं असतं. ती सूचना लिहिली जाण्याआधी जे काही करता येईल, तेच आपलं काम.

१. आधी आकडेमोड पक्की करा

परिषद २००६ साली स्थापन झाली. सदस्य ४७: आफ्रिका १३, आशिया-पॅसिफिक १३, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन ८, पश्चिम युरोप व इतर ७, पूर्व युरोप ६. न्यूयॉर्कची महासभा गुप्त मतदानाने त्यांना तीन वर्षांसाठी निवडते आणि दर जानेवारीत साधारण एक तृतीयांश जागांची नवी मुदत सुरू होते. त्यामुळे गेल्या वर्षीची यादी घेऊन कामाला लागू नका. ज्या देशाच्या मिशनमध्ये, म्हणजे जिनिव्हातल्या कचेरीत, तुम्ही तासभर घालवलात, त्याची मुदत डिसेंबरमध्येच संपलेली असू शकते. जो सदस्य नाही, तो देश ठरावाला सहप्रस्तावक म्हणून आपलं नाव देऊ शकतो, बोलू शकतो. मत देऊ शकत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ४७ चे निम्मे म्हणून २४ मतं हवीत, असं जवळजवळ प्रत्येक नवा माणूस धरून चालतो. तसं नाही. हजर राहून बाजूने किंवा विरोधात मत देणाऱ्यांचीच मोजणी होते, तटस्थ राहिलेल्यांची नाही. समान मतं पडली तर ठराव पडतो.

श्रीलंकेतल्या यादवी युद्धातल्या अत्याचारांवरचे ठराव या हिशेबासाठी नीट बघा. मार्च २०१२ मध्ये २४ बाजूने, १५ विरोधात, ८ तटस्थ. ऑक्टोबर २०२२ मध्ये २० बाजूने, ७ विरोधात आणि तब्बल २० तटस्थ. दोन्ही ठराव मंजूर. दहा वर्षांत बाजूची मतं चारने घटली, तरी फरक ९ चा १३ झाला, कारण विरोधातली मतं निम्म्याहून खाली आली. याच्या उलटही झालं आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुस्लिमांच्या प्रश्नावर फक्त चर्चा ठेवावी, एवढीच मागणी ६ ऑक्टोबर २०२२ ला मतदानाला आली. १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. चर्चासुद्धा झाली नाही. त्या ११ मध्ये भारतही होता. अकरांपैकी तिघे बाजूने वळले असते तरी २० विरुद्ध १९ झालं असतं.

म्हणून माझ्या वहीत "बाजूने" आणि "विरोधात" यापेक्षा मोठा रकाना "काठावर" हा असतो. पक्के मित्र आणि पक्के विरोधक यांच्यावर वेळ घालवू नका. विरोधातल्या देशाला तटस्थ करता आलं, तर तेही अर्धं काम झालं असं धरा.

२. प्रत्येक देशाला वहीचं एक पान द्या

मी अजूनही जाड पुठ्ठ्याची लांबट वही वापरते. लॅपटॉप कॉरिडॉरमध्ये उघडता येत नाही, वही उभ्याउभ्या लिहिता येते. पानावर इतकं हवं: या विषयावर आधीची मतं, मतदानावेळी दिलेलं स्पष्टीकरण, कोणत्या गटाबरोबर सहसा जातो, मिशनमध्ये मानवाधिकार कोण बघतं, राजधानीत निर्णय कोण घेतं, आणि तिथल्या देशांतर्गत राजकारणात या विषयाला कुणी वाली आहे का.

मतदानाच्या स्पष्टीकरणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तसं करू नका. तटस्थ राहिलेला देश दोन मिनिटांत सांगतो की त्याला नेमकं काय खटकलं: एखादं कलम, खर्च, की "संबंधित देशाच्या संमतीविना" हा मुद्दा. तुमच्या पुढच्या भेटीचा विषय तो स्वतःच देऊन गेलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर जुनी अधिवेशनं आहेत, बसून ऐका.

जुन्या मतावर मात्र विसंबून राहू नका. लैंगिक कल आणि लिंगओळख या विषयावरचा परिषदेतला पहिला ठराव जून २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आणला आणि तो २३ विरुद्ध १९ असा मंजूर झाला. पाच वर्षांनी, जून २०१६ मध्ये, याच विषयावर स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव २३ विरुद्ध १८ ने पार पडला, तेव्हा दक्षिण आफ्रिका तटस्थ राहिलेल्या सहा देशांत बसली होती. भारतही तिथेच होता.

३. आत शिरण्यासाठी लागणारी कागदपत्रं

परिषदेत संस्था म्हणून बसायचं, तर संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा लागतो. अर्जाची मुदत दरवर्षी १ जून, आणि संस्था किमान दोन वर्षं जुनी हवी. पण हा रस्ता लांबचा आहे. जातिभेदावर काम करणाऱ्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कचा अर्ज २००८ पासून अडकून होता. प्रश्नांवर प्रश्न येत राहिले, निर्णय पुढे ढकलला जात राहिला आणि दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. तुमच्याकडे दर्जा नसेल तर ज्या संस्थेकडे आहे तिच्या प्रतिनिधी म्हणून जा. सगळे तसंच करतात, त्यात कमीपणा नाही.

बरोबर हवं ते:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.
- दर्जा असलेल्या संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र, अधिकृत सहीचं. पत्रातलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, तिथेच घोटाळा होतो.
- इंडिको या नोंदणी प्रणालीवरची मंजुरी, छापील आणि मोबाईलवर.
- सरकारी नोकरीत असाल आणि प्रवास-राहण्याचा खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीवरच्या कायद्याखाली गृह मंत्रालयाची परवानगी आधी घ्या.
- बोलायचं असेल तर निवेदन लिहून, घड्याळ लावून वाचलेलं. संस्थांना साधारण दीड मिनिट मिळतं आणि वेळ संपली की माइक बंद होतो.

ट्राम तुम्हाला तीन पायांच्या त्या प्रचंड लाकडी खुर्चीसमोर सोडते. झेंड्यांची रांग समोरच दिसते, पण बॅज तिथे मिळत नाही. तो मिळतो प्रेनी गेटवर, आणि ते चढावर, रेड क्रॉसच्या मुख्यालयासमोर आहे. सोमवारी सकाळी तिथे लांब रांग असते, शक्य असेल तर आदल्या शुक्रवारीच बॅज काढून ठेवा.

४. ठराव कुणाचा आहे ते ओळखा, आणि त्यांच्या मागे धावा

ठराव संस्था मांडत नाहीत, देश मांडतात. मसुदा ज्यांच्या हातात असतो त्या चार-सहा देशांना कोअर ग्रुप म्हणतात. २०२१ च्या श्रीलंका ठरावात ब्रिटन, कॅनडा, जर्मनी यांच्याबरोबर मलावी, माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसिडोनिया होते. ही रचना मुद्दाम असते. मलावीचा अधिकारी आफ्रिकी गटात जे ऐकवू शकतो, ते ब्रिटनचा ऐकवू शकत नाही.

पहिल्याच आठवड्यात कोअर ग्रुपला भेटा आणि थेट विचारा: तुमच्या मोजणीत काठावर कोण आहेत, आणि आम्ही कुणाशी बोलावं? ते पूर्ण यादी देणार नाहीत, पण तीन नावं देतील. त्याच विषयावर काम करणाऱ्या इतर संस्थांशीही देश वाटून घ्या. मिशनमधल्या एकाच सेकंड सेक्रेटरीला, म्हणजे मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याला, एका दिवसात सहा संस्था गाठतात आणि शेजारच्या मिशनकडे कुणीच फिरकत नाही, असं मी दर अधिवेशनात बघते.

५. एका पानाचं टिपण

शंभर पानी अहवाल मागितल्याशिवाय देऊ नका. एकच पान, तेही एकाच बाजूने छापलेलं. वर ठरावाचा विषय आणि अजेंड्यातला क्रमांक. मग तीन ओळींत: काय घडतं आहे, ठराव काय करेल, तुमच्या देशाकडे काय मागतो आहोत. मागणी स्पष्ट हवी. "पाठिंबा द्यावा" ही मागणी नव्हे. "मतदान झालं तर बाजूने मत द्यावं, आणि दुरुस्ती आली तर विरोध करावा" ही मागणी.

प्रत्येक देशासाठी एक वेगळा परिच्छेद घाला. त्या देशाने पूर्वी काय म्हटलं, परिषदेच्या निवडणुकीवेळी काय वचन दिलं, त्याच्या राज्यघटनेत काय आहे. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांसाठी फ्रेंच प्रत आणि लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिश प्रत घेऊन जा. चांगला अनुवाद करणारं कुणी जिनिव्हात जाण्याआधीच शोधून ठेवा.

टिपणावर तारीख आणि मसुद्याची आवृत्ती लिहा. एका वर्षी मी तीन दिवस जुन्या आवृत्तीतलं कलम धरून बोलत होते. ते वाटाघाटीत कधीच वगळलं गेलं होतं. एका अधिकाऱ्याने शांतपणे नवा मसुदा माझ्यासमोर ठेवला. त्यानंतर मी कलमाबद्दल काही सांगितलं की ते आधी कागद तपासून बघत. गेलेला विश्वास परत मिळवायला मला पुढची दोन अधिवेशनं लागली.

६. मिशनमधली भेट

राजदूतांची वेळ मागत बसू नका. मानवाधिकार बघणारा फर्स्ट किंवा सेकंड सेक्रेटरी गाठा, शिफारस तोच लिहितो. छोट्या देशांच्या मिशनमध्ये हा एकच माणूस आरोग्य, स्थलांतर आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं कामही ओढत असतो.

अशीच एक भेट सांगते. एका छोट्या बेटराष्ट्राच्या तरुण अधिकारी होत्या. कॉफीचा कप एका हातात, खांद्यावरून घसरणारी पिशवी, आणि पुढची बैठक सात मिनिटांवर. मी बोलायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं. टिपण मागितलं, टेबलावर सपाट केलं, मोबाईलने फोटो काढला आणि तिथल्या तिथे मंत्रालयात पाठवला. मग म्हणाल्या, "आता सांगा, आमच्या मंत्र्यांना याबद्दल संसदेत कुणी प्रश्न विचारला तर मी काय उत्तर देऊ?" माझ्याकडे बेपत्ता माणसांचे आकडे होते, या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक भेटीआधी या एका प्रश्नाचं उत्तर तयार करते: या माणसाला वरच्यांसमोर हे मत कसं समर्थनीय करता येईल?

भेटीतली शिस्त अशी. दहा मिनिटांत आटपा. पाच मिनिटं बोला, पाच ऐका. पीडित कुटुंबातलं कुणी बरोबर असेल तर आधी त्यांना बोलू द्या आणि मध्ये पडू नका. माहीत नसेल तर "संध्याकाळपर्यंत कळवते" म्हणा आणि संध्याकाळी खरोखर कळवा. समोरच्याचा देश या विषयावर निर्मळ नसतो हे तुम्हालाही माहीत असतं, त्यालाही. ते उगाळण्याची ही जागा नव्हे.

बोलण्याचे अर्थही समजून घ्या. "आम्ही सकारात्मक आहोत" म्हणजे सूचना आलेली नाही. "राजधानीच्या उत्तराची वाट बघतोय" म्हणजे अजून वेळ आहे, धावा. "आमच्या गटाच्या भूमिकेबरोबर राहू" म्हणजे गटातल्या मोठ्या देशाला गाठा. आणि "लेखी सूचना आली, बाजूने" हे वाक्य कानावर पडेपर्यंत वहीत टिक करू नका.

७. खरी लढाई राजधानीत

जिनिव्हातल्या भेटी निम्मं काम. उरलेलं निम्मं त्या देशाच्या राजधानीत, आणि त्याची सुरुवात अधिवेशनाआधी सहा ते आठ आठवडे व्हायला हवी. तिथल्या संस्था, वकील संघटना, खासदार, संपादक, धर्मगुरू, ज्यांचं मंत्रालयात ऐकलं जातं त्यांना शोधा. पत्र त्यांच्या सहीने जाऊ दे. परदेशी संस्थेचं पत्र फायलीत जातं, मतदारसंघातून आलेलं पत्र टेबलावर राहतं.

भारताचंच उदाहरण बघा. कुठल्याही एका देशावरच्या ठरावापासून भारत सहसा दूर राहतो. तरी मार्च २०१२ मध्ये त्याने श्रीलंकेवरच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. तमिळनाडूतल्या पक्षांनी संसद दणाणून सोडली होती आणि द्रमुक तेव्हा केंद्राच्या आघाडीत होता. पुढच्या वर्षी याच प्रश्नावर द्रमुकने १९ मार्चला पाठिंबा काढून घेतला आणि दोन दिवसांनी भारताने पुन्हा बाजूने मत दिलं. २०१४, २०२१, २०२२ मध्ये मात्र भारत तटस्थ. दिल्लीचं मत हलवायचं तर वाट चेन्नईतून जात होती. प्रत्येक काठावरच्या देशाचं असं एखादं चेन्नई असतं, ते शोधा.

विरोधी बाजूही हेच करते, आणि तिच्याकडे कर्ज, व्यापार, दूतावास अशी साधनं असतात. येमेनमधल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तज्ज्ञ गटाची मुदत २०२० मध्ये २२ विरुद्ध १२ ने वाढली होती. ७ ऑक्टोबर २०२१ ला तोच ठराव १८ विरुद्ध २१ ने पडला. परिषदेच्या इतिहासात ठराव मतदानात पडण्याची ती पहिलीच वेळ होती आणि चौकशी तिथेच बंद झाली. गेल्या वर्षी जिंकलो म्हणून या वर्षी कुणी गाफील राहू नये.

८. मसुद्यातले शब्द

अनौपचारिक वाटाघाटींना बहुतेकदा संस्थांना बसू देतात. पडद्यावर मसुदा, आणि एकेका शब्दावर तासभर. कोणतं कलम सोडता येईल आणि कोणतं प्राण गेला तरी नाही, हे आधीच ठरवून कोअर ग्रुपला सांगा. २०१२ च्या श्रीलंका ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांची मदत श्रीलंका सरकारशी सल्लामसलत करून आणि त्याच्या सहमतीने, अशी भाषा भारताच्या आग्रहाने आली. ठराव सौम्य झाला, आणि भारताचं मत मिळालं. अशी किंमत द्यायची का, हा निर्णय ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना विचारून घ्या, तुमच्या मनाने घेऊ नका.

शब्द क्षुल्लक नसतात. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून "सर्व माणसं" करायला लावल्या त्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता, मुंबईच्या सार्वजनिक जीवनातून पुढे आलेल्या. ती दुरुस्ती आज पहिल्याच कलमात उभी आहे.

नवी चौकशी यंत्रणा मागितली की तिच्या खर्चाचा अंदाजही येतो. पैशाचं कारण पुढे करून माघार घेणारे देश असतात, त्यांना द्यायचं उत्तर टिपणात ठेवा.

९. या चुका करू नका

अनौपचारिक बैठकीत कोण काय बोललं ते समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्या वेळी तुम्हालाच नाही, सगळ्या संस्थांना बाहेर बसावं लागेल.

काठावरच्या देशाला मतदानाआधी जाहीरपणे लाजवू नका. जाहीर भूमिका घ्यायला भाग पडला की तो मागे फिरू शकत नाही.

आणि सुरक्षितता, जिच्याबद्दल मी फार कडक आहे. पीडितांची नावं, फोटो, गावं त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय कागदावर येऊ देऊ नका. ज्या देशाबद्दल बोलता आहात, त्याचे लोक सभागृहात असतात, फोटो काढतात, मागच्या खुर्चीत बसून ऐकतात. बोलणाऱ्याच्या घरी पोलीस गेल्याचे प्रसंग घडले आहेत. अशा सूडाच्या कारवायांची नोंद संयुक्त राष्ट्रांचे महासचिव दरवर्षीच्या अहवालात घेतात. धमकी आली तर तारीख, वेळ, शब्द लिहून त्याच दिवशी परिषदेच्या अध्यक्षांच्या कार्यालयाला आणि मानवाधिकार उच्चायुक्तांच्या कार्यालयाला कळवा.

१०. मतदानाचा आठवडा

शेवटच्या काही दिवसांत मतदान होतं. विरोधातल्या दुरुस्त्या शेवटच्या क्षणी येतात आणि मूळ ठरावाआधी त्यांच्यावर मत घेतलं जातं. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीसाठी वेगळी मोजणी करा. ठरावाला पाठिंबा देणाऱ्या देशाला दुरुस्तीबद्दल सूचनाच आलेली नसते, असं हमखास होतं.

काठावरच्या मिशनना आदल्या संध्याकाळी एक छोटा संदेश पाठवा: उद्या अमुक क्रमांकाचा ठराव, साधारण अमुक वेळ. माणूस दुसऱ्या बैठकीत अडकून गैरहजर राहिला तर ते मत गेलंच. कुणा सदस्याने मतदान मागितलं नाही, तर ठराव मतदानाविना मंजूर होतो, तयारी मात्र मतदानाचीच ठेवा.

निकाल पडद्यावर हिरव्या-लाल-पिवळ्या रंगात काही क्षण दिसतो. मोबाईल तयार ठेवा, फोटो घ्या आणि लगेच वहीतल्या अंदाजाशी ताडून बघा. जिथे चुकलो, त्या पानावर खूण करा.

११. दुसऱ्या दिवशी

बाजूने मत देणाऱ्यांना आभाराचं पत्र पाठवा. तटस्थ राहिलेल्यांनाही भेटीची विनंती पाठवा, रागाचा शब्द न काढता. स्वच्छ, आरोग्यदायी पर्यावरण हा मानवाधिकार आहे असं परिषदेने ८ ऑक्टोबर २०२१ ला म्हटलं, तेव्हा ४३ देश बाजूने होते, विरोधात कुणी नाही, आणि तटस्थ राहिलेले चार: चीन, भारत, जपान, रशिया. कोस्टा रिका, मालदीव, मोरोक्को, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंड या कोअर ग्रुपने काम थांबवलं नाही. २८ जुलै २०२२ ला महासभेत तोच हक्क १६१ मतांनी मान्य झाला. भारत आणि जपान तेव्हा बाजूने मत देणाऱ्यांत होते.

राजधानीत ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना निकाल तुम्ही स्वतः कळवा, बातमीतून कळू देऊ नका. घरच्या लोकांना, ज्यांच्यासाठी गेलात त्यांना, ठराव काय करेल आणि काय करणार नाही हे त्यांच्या भाषेत बसून समजवा. महासभेत परिषदेचे नवे सदस्य निवडले गेले की जानेवारीची वाट न बघता त्यांच्यासाठी वहीत कोरी पानं उघडा, आणि पहिलं पत्र डिसेंबरच्या सुट्ट्यांआधी पोचेल असं बघा.